प्रवेश परीक्षा आणि व्यावसायिक परीक्षांची तयारी: मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला एका मंडळाच्या पहिल्या मजल्यावर अभ्यासिका आहे. ३२ खुर्च्या, ६ पंखे, कोपऱ्यात जुन्या प्रश्नपत्रिकांचं कपाट. गेली ११ वर्षं मी तिथे संध्याकाळी ७ ते १० बसते. दिवसा बँकेत नोकरी करते. सीईटी-नीटची मुलं, आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) करणारी सीएची मुलं, एमपीएससीवाले, ऑफिस सुटल्यावर डबा घेऊन येणारे तिशीतले लोक, सगळे "ताई, एक विचारू का?" म्हणून जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. परीक्षांचे नियम बदलत असतात. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचा, हे आधीच सांगते.

जेईई, सीईटी, नीट सगळ्याच दिल्या तर कुठेतरी लागेलच ना?

जेईई इंजिनिअरिंगची, नीट मेडिकलची आणि सीईटी (एमएचटी-सीईटी) राज्याची प्रवेश परीक्षा. अर्ज सगळे भरा, पण तयारी एकीची मुख्य धरा. धडे तेच असले तरी प्रत्येक परीक्षेचा वेग वेगळा आहे. जेईई मेनला ७५ प्रश्नांसाठी १८० मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला जवळजवळ अडीच मिनिटं. नीटला १८० प्रश्न आणि १८० मिनिटं, प्रश्नाला मिनिट. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांना मात्र वेगळी ९० मिनिटं मिळतात.

जेईईच्या सवयीचा मुलगा सीईटीला बसला की पहिले २० प्रश्न सुंदर सोडवतो आणि शेवटचे ३० बघतही नाही. उलट सीईटीच्या वेगाची सवय लागलेल्याला जेईईच्या प्रश्नात तीन संकल्पना एकत्र आल्या की सुचेनासं होतं. अभ्यासक्रमातही फरक आहे. सीईटी राज्य मंडळाच्या पुस्तकांवर असते, त्यात अकरावीचा भाग सुमारे २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के. जेईई आणि नीटला अकरावी सोडून चालतच नाही.

माझं मत सांगते. अकरावीच्या दिवाळीपर्यंत मुख्य परीक्षा ठरवा. दुसरीसाठी शेवटचे पाच-सहा आठवडे वेगाचा सराव करा, तेवढा पुरतो. आणि बारावीच्या बोर्डाकडे दुर्लक्ष नको. जेईईतून एनआयटीत जायचं तर खुल्या प्रवर्गाला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. चांगली रँक येऊन इथे अडलेली मुलं मी पाहिली आहेत.

रोज किती तास अभ्यास करावा?

तास मोजू नका, सोडवलेले प्रश्न मोजा. आठ तास बसून हायलायटर फिरवला तर संध्याकाळी पान ओळखीचं वाटतं आणि परीक्षेत कोरं. तीन तास बसून ६० प्रश्न सोडवले, तपासले आणि चुकलेले पुन्हा केले, तर तो अभ्यास. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर धड्यातलं काय आठवतं ते लिहून बघा. पहिल्या दिवशी अर्धं पान भरणार नाही, तरी रोज करा.

"चुकांची वही" म्हणजे नक्की काय?

अभ्यासिकेत येणाऱ्या प्रत्येकाला मी हीच एक गोष्ट आग्रहाने करायला लावते. साधी दोनशेपानी वही घ्यायची. मॉक टेस्ट झाली की चुकलेला प्रत्येक प्रश्न त्यात उतरवायचा. पुढे कारण लिहायचं, पण चारांपैकी एकच: माहीत नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली. शेवटी तो प्रश्न परत कधी सोडवणार ती तारीख. आठवड्याने एकदा, महिन्याने एकदा.

एमपीएससी करणाऱ्या एका मुलीची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिला खात्री होती की आपलं राज्यशास्त्र कच्चं आहे, म्हणून दोन महिने ती तेच पुस्तक परत परत वाचत होती. सहा मॉकच्या चुका वहीत आल्या तेव्हा निम्म्याहून जास्त ठिकाणी तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "प्रश्न नीट वाचला नाही". बहुतेक सगळे "खालीलपैकी अयोग्य विधान ओळखा" या धर्तीचे. ती योग्य विधान शोधायची, ते पहिल्याच पर्यायात सापडायचं, गोल काळा करून पुढे. राज्यशास्त्र तिला येत होतं. त्या दिवसापासून प्रश्नपुस्तिकेत "अयोग्य", "नाही", "वगळून" असे शब्द दिसले की पेनाने गोल करायचा, एवढाच बदल तिने केला. पुढच्या दोन मॉकमध्ये त्या कारणाच्या चुका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या.

प्रत्येक कारणाचं औषध वेगळं. "माहीत नव्हतं" असेल तर धडा वाचा. "आठवलं नाही" असेल तर उजळणीची तारीख अलीकडे आणा. आकडेमोड चुकत असेल तर रोज १५ मिनिटं नुसती आकडेमोड करा, आणि एककं लिहून करा. सीईटीच्या भौतिकात सेंटीमीटरचे मीटर करायचे राहून गेल्याने गेलेले मार्क मी मोजायचे सोडून दिले आहेत. वहीशिवाय मुलं सगळ्या दुखण्यांना एकच औषध घेतात: परत पहिल्यापासून वाचायला लागतात.

घरात जागाच नाही. अभ्यास कुठे करू?

वन रूम किचनमध्ये पाच माणसं, टीव्ही सुरू, धाकट्या भावाचा क्लासचा गृहपाठ त्याच टेबलावर. हा प्रश्न या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. वरळीच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक अभ्यास गल्ली म्हणतात ते उगाच नाही. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतली आणि आजूबाजूच्या वस्त्यांतली मुलं त्या शांत रस्त्यावर दिव्यांखाली बसून शिकली.

आज मंडळांच्या, ग्रंथालयांच्या आणि महापालिकेच्या अभ्यासिका बऱ्याच विभागांत आहेत. जवळची शोधण्यासाठी वॉर्ड ऑफिसात आणि गल्लीतल्या मोठ्या गणपती मंडळात विचारा. बघायला जाल तेव्हा चार गोष्टी तपासा: किती वाजता बंद होते, खुर्चीला पाठ आहे का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, आणि परतीची वाट रात्री कशी असते. खासगी अभ्यासिका एसी दाखवून महिन्याला बरेच पैसे घेतात. एसीपेक्षा घरापासून पायी दहा मिनिटांवर असणं जास्त कामाचं.

लालबाग-परळ-गिरगावातल्या मुलांसाठी आणखी एक. सीएच्या सप्टेंबरच्या परीक्षा बऱ्याच वर्षी गणपतीला लागून येतात. ते दहा दिवस ढोल-ताशा आणि गर्दी असणारच. त्या दिवसांसाठी ठाण्याच्या मावशीकडे किंवा कॉलेजच्या लायब्ररीत सोय होते का, हे जुलैतच ठरवून ठेवा.

लोकलमध्ये अभ्यास होतो का?

होतो, पण सगळा नाही. डोंबिवलीहून फास्ट पकडून उभ्याने येताना गणित सुटणार नाही. तिथे आठवण्याचं काम करा: सूत्रांची कार्डं, कायद्याची कलमं, इंग्रजी शब्द, आदल्या दिवशीच्या पाच चुका. मोबाइलवर व्हिडिओ बघणं हा प्रवासातला सगळ्यात कमी उपयोगाचा अभ्यास आहे. नेटवर्क जातं, गर्दी लोटते, लक्ष तुटतं. स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं ऐकणं त्यापेक्षा कितीतरी बरं. आणि दमला असाल तर झोपा. बसायला जागा मिळालेल्या माणसाने अपराधी वाटून घेत पुस्तक उघडायची गरज नाही.

क्लास लावायलाच हवा का? कसा निवडावा?

लावायलाच हवा असं नाही. जेईई-नीटला चांगला शिक्षक असेल तर खूप फरक पडतो. सीईटी, बँकेच्या परीक्षा आणि एनआयएसएमसारख्या (शेअरबाजार-म्युच्युअल फंडात काम करणाऱ्यांच्या) परीक्षा स्वतः करणारी मुलं मी दर वर्षी बघते.

क्लास बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या फोटोंकडे बघू नका. शेवटच्या बॅचमधल्या मुलांना भेटा आणि विचारा, चाचणीचा पेपर किती दिवसांत तपासून मिळतो? शंका कोण सोडवतं, शिकवणारे सर की काल पास झालेला मुलगा? बॅचमध्ये किती मुलं आहेत? ज्या सरांच्या नावावर प्रवेश घेतोय, ते या शाखेत आठवड्यातून किती तास येतात?

फी एकरकमी भरू नका. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आम्ही दोन वर्षांची फी आईच्या बांगड्या गहाण ठेवून एकदम भरली. चार महिन्यांत त्याचे दोन्ही चांगले शिक्षक क्लास सोडून गेले, आणि उरलेले पैसे मागायला गेल्यावर "नॉन-रिफंडेबल" लिहिलेला कागद पुढे आला. त्यावर बाबांची सही होती; वाचायला वेळच दिला नव्हता. ते पैसे परत मिळाले नाहीत. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार पूर्ण फी भरलेल्या मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करायची आहे, रँकची हमी द्यायची नाही आणि १६ वर्षांखालच्या मुलांना घ्यायचं नाही. तरीही पावती, हप्त्यांचं वेळापत्रक आणि परताव्याचा नियम लेखी घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

पैसे नाहीत. मोफत मार्गदर्शन कुठे मिळतं?

यूपीएससीसाठी फोर्टमध्ये सीएसएमटीजवळ राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आहे. तिथे प्रवेश परीक्षेतून निवड होते. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. (चिंतामणराव १९१८ साली लंडनमध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले होते आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मुलांना हे माहीत असावं असं मला वाटतं.) राज्य सरकारच्या संस्थांपैकी बार्टी अनुसूचित जातींच्या, सारथी मराठा-कुणबी समाजाच्या आणि महाज्योती ओबीसी, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणाच्या योजना राबवतात. महाज्योती जेईई, नीट आणि सीईटीसाठीही प्रशिक्षण देते. या योजनांच्या जाहिराती ठरावीक दिवसांसाठीच निघतात, म्हणून दर सोमवारी त्यांच्या संकेतस्थळावर एक चक्कर टाका.

पुढच्या फीबद्दलही ऐका. २०२४-२५ पासून राज्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस), सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. "मुलीला एवढं महागडं कसं शिकवायचं" म्हणून अर्जच न भरणाऱ्या आईबापांना हे जाऊन सांगा.

मराठी माध्यमातून आलोय. मागे पडेन का?

अकरावीचे पहिले दोन-तीन महिने जड जातील. दहावीपर्यंत बल, त्वरण, संवेग, अपवर्तन असं शिकलात आणि अकरावीत एकदम फोर्स, ॲक्सिलरेशन, मोमेंटम, रिफ्रॅक्शन. संकल्पना तुमच्याकडे आहे, नाव नवं आहे. एक छोटी वही करा, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. दोनशे-अडीचशे शब्द झाले की पुस्तक उलगडायला लागतं.

नीट आणि जेईई मेनला मराठीत प्रश्नपत्रिका घेता येते, पण भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. नीटला भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजी प्रश्न अंतिम मानतात, म्हणून शंका आल्यास इंग्रजी मजकूर वाचायची सवय ठेवा. यूपीएससीची पूर्वपरीक्षा फक्त हिंदी-इंग्रजीत होते. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते.

निगेटिव्ह मार्किंग असताना अंदाजाने उत्तर द्यावं का?

हिशेब करून ठरवा. नीट-जेईईत बरोबरला ४ आणि चुकीला वजा १. चारही पर्याय सारखेच वाटत असताना असे चार प्रश्न ठोकले, तर सरासरी एक बरोबर आणि तीन चूक, म्हणजे ४ वजा ३, चार प्रश्नांत एक मार्क. नशीब आडवं आलं तर तोही नाही. पण दोन पर्याय खात्रीने बाद केले असतील तर दोन प्रश्नांत सरासरी ४ वजा १, तीन मार्क. तो प्रश्न सोडू नका. यूपीएससी पूर्वपरीक्षेत एक तृतीयांश कापतात, तिथे निव्वळ अंदाजाचा हिशेब बरोबर शून्य येतो. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत एक चतुर्थांश कापतात.

एमएचटी-सीईटी आणि एमबीए-सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे मार्क टाकून येणं. एमबीए-सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं असतात. शेवटची तीन मिनिटं उरलेल्या प्रश्नांवर काहीतरी खूण करण्यासाठी राखूनच ठेवा.

"९५ पर्सेंटाइल" म्हणजे ९५ टक्के का?

नाही. जेईई मेन आणि सीईटीसारखी परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. तुमच्या सत्रात १०,००० मुलं बसली आणि ९,५०० मुलांचे मार्क तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी असले, तर तुम्हाला ९५ पर्सेंटाइल. त्यामुळे सकाळच्या सत्रातल्या मैत्रिणीचे कच्चे मार्क तुमच्यापेक्षा जास्त असूनही तिचे पर्सेंटाइल कमी येऊ शकतात. शेजाऱ्यांना हे समजावत बसायची गरज नाही.

सीएला सगळे पेपर सुटले तरी ग्रुप अडतो, असं का?

कारण अटी दोन आहेत. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के. इंटरच्या, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याच्या, एका ग्रुपमध्ये तीन पेपर, ३०० मार्क, म्हणजे बेरीज १५० हवी. कुणाला ४१, ४५ आणि ५८ पडले तर एकही पेपर बुडालेला नाही, पण बेरीज १४४. ग्रुप गेला. दुसऱ्याला ३८, ७५ आणि ७० पडले, बेरीज १८३. तरी एका पेपरात दोन मार्क कमी, ग्रुप गेला. मात्र या दुसऱ्याला ६० च्या वर असलेल्या दोन पेपरांत सूट मिळते आणि पुढच्या वेळी एकाच पेपरची तयारी उरते.

यावरून तयारीची दिशा ठरते. नावडता पेपर ४० पर्यंत नेऊन सोडायचा आणि आवडत्यात भर काढायची, हे अनेकजण करतात. ४० च्या काठावर बसणं धोक्याचं आहे. नावडता ५० च्या जवळ न्या. सीएची इन्स्टिट्यूट स्वतः आरटीपी (उजळणीचे सराव पेपर), मॉक पेपर आणि सजेस्टेड ॲन्सर्स फुकट देते. बाहेरचं जाडजूड मटेरियल विकत घेण्याआधी हे सगळं संपवा.

आणि हाताने लिहा. पेपर दुपारी २ ला सुरू होतो, आधी १५ मिनिटं वाचायला मिळतात. जेवण झाल्यावर, उकाड्यात, सलग तीन तास लिहिणं ही वेगळीच गोष्ट आहे. आमच्याकडे दर रविवारी २ ते ५ पंखा तेवढा सुरू ठेवून मुलं पूर्ण पेपर लिहितात. पहिल्या रविवारी बहुतेकांचा हात चारच्या सुमारास भरून येतो. परीक्षेपर्यंत तो टिकायला लागतो.

नोकरी सांभाळून परीक्षा द्यायची आहे. जमेल का?

मी जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या दोन्ही परीक्षा नोकरी करताना दिल्या, म्हणून अनुभवाने सांगते: जमतं, फक्त परीक्षेप्रमाणे वेळेचा आकडा आधी काढा. बँकवाल्यांची जेएआयआयबी चार पेपरांची आहे, प्रत्येकी ५० ला पास. एकाच प्रयत्नात सगळ्यांत किमान ४५ आणि एकूण ५० टक्के असले तरी चालतं. म्युच्युअल फंड वितरकांची एनआयएसएमची परीक्षा १०० प्रश्नांची, दोन तासांची, ५० ला पास, आणि तिचं वर्कबुक संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत आहे. वर्कबुक दोनदा नीट वाचून सराव चाचण्या दिल्या तर महिनाभर पुरतो.

सीएफए, म्हणजे गुंतवणूक क्षेत्राची आंतरराष्ट्रीय परीक्षा, हे वेगळं प्रकरण आहे. पहिल्या लेव्हलसाठी संस्था स्वतःच सुमारे ३०० तास धरायला सांगते. आठवड्याला १० तास निघत असतील तर ३० आठवडे, म्हणजे सात महिने. बीकेसीतल्या ऑफिसातून साडेआठला सुटणाऱ्याने "तीन महिन्यांत करतो" म्हणू नये. गेट (एम.टेक प्रवेशाची परीक्षा) देणाऱ्या इंजिनिअरांना एक दिलासा: गुण तीन वर्षं चालतात.

माझी स्वतःची वेळ पहाटे साडेपाच ते सात होती. रात्री दमलेल्या डोक्याने तीच पानं दुप्पट वेळ खातात. लग्न झालेल्या, मुलं असलेल्या बायका विचारतात तेव्हा मी त्यांना आधी घरच्यांशी बोलायला सांगते. परीक्षेपर्यंत सकाळचा चहा आणि डबा दुसरं कोणी करणार का, हे ठरल्याशिवाय वेळापत्रक कागदावरच राहतं.

कागदपत्रं कधी काढायची?

आत्ता. निकालानंतर सेतू केंद्रासमोर रांग वाढते आणि प्रवेशाच्या तारखा थांबत नाहीत. अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते अकरावीच्या सुट्टीतच काढा. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला ही तहसील कार्यालयं आहेत. आपले सरकार पोर्टलवरूनही अर्ज होतो. जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्यामुळे बारावी सायन्सच्या मुलांनी कॉलेजमार्फत तो अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच करावा. नॉन-क्रीमी लेयरवरची मुदतीची तारीख वाचा.

मग सगळी कागदपत्रं टेबलावर मांडा आणि नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. एका मुलीच्या आधारवर आईचं नाव "सुरेखा" आणि शाळेच्या दाखल्यावर "सुलेखा" होतं. तीन आठवडे ती आणि तिची आई एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत होत्या, आणि त्याच दिवसांत तिची परीक्षा होती.

ड्रॉप घ्यावा का?

चुकांची वही उघडा. "माहीत नव्हतं" जास्त असेल, पोर्शन खरोखर अर्धा राहिला असेल आणि कारण समजत असेल, आजारपण, उशिरा सुरुवात, तर एक वर्ष देणं योग्य ठरू शकतं. पोर्शन दोनदा झाला होता, मॉकमध्येही तेवढेच मार्क येत होते, तर पद्धत न बदलता आणखी एक वर्ष तेच देईल. दुसरा ड्रॉप घेणाऱ्याला मी नेहमी अडवते. निदान कुठेतरी प्रवेश घेऊन मग प्रयत्न करा.

मूल गप्प झालंय, जेवत नाही. आम्ही पालकांनी काय करावं?

मार्कांबद्दल बोलणं थांबवा आणि शेजारी बसा. "बाकीच्यांची मुलं बघ" हे वाक्य घरातून काढून टाका. झोप उडाली असेल, आवडीच्या गोष्टी सुटल्या असतील, "माझा काही उपयोग नाही" असं तोंडातून येत असेल, तर ते नाटक समजू नका. डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आमच्या अभ्यासिकेच्या दारावर लावलेला आहे, आणि तो लावायला उशीर झाला याचं मला आजही वाईट वाटतं.

"पेपर आधी मिळवून देतो" असा मेसेज आलाय.

पैसे देऊ नका, पुढे पाठवू नका. पेपरफुटीच्या टोळ्यांसाठी २०२४ च्या केंद्रीय कायद्यात तुरुंगवास आणि जबर दंड आहे. असे मेसेज बहुतेक वेळा नुसती लूट असते.

परीक्षेच्या दिवसाची तयारी कशी करावी?

मुंबईत हा वेगळा विषय आहे. नीट, यूपीएससी, एमपीएससी बहुतेक रविवारी असतात आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. मध्य रेल्वेवर तो साधारण सकाळी ११ च्या सुमारास सुरू होऊन दुपारी ४ च्या आसपास संपतो. नीटचं गेट दीडला बंद होतं. म्हणून शनिवारी ब्लॉकचं वेळापत्रक बघा आणि रविवारी ११ च्या आत केंद्राजवळच्या स्टेशनवर उतरा. दोन तास आधी पोचलात तर सावलीत बसून डबा खा.

केंद्र आधी बघून या, आणि तेही रविवारीच. पवईला केंद्र आलं तर लक्षात ठेवा, तिथे रेल्वे स्टेशन नाही. कांजूरमार्गहून किंवा अंधेरीहून रिक्षा-बस करावी लागते आणि लिंक रोडचा ट्रॅफिक बेभरवशाचा आहे. शीव-वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा नाही, टॅक्सीचे सुटे पैसे ठेवा. जून-जुलैचा पेपर असेल तर हिंदमाता, शीव, कुर्ला इथे पाणी भरतं हे धरूनच निघा. प्रवेशपत्राच्या दोन प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, मूळ ओळखपत्र वेगळ्या पिशवीत. नीटला बूट आणि लांब बाह्या टाळा, चप्पल घाला.

पेपर झाल्यावर आन्सर की बघावी का?

आणखी पेपर बाकी असतील तर नाही. सीएच्या मुलांनी गेटबाहेर उत्तरं जुळवणाऱ्या घोळक्यात थांबूच नये, सरळ घरी यावं, आंघोळ करावी आणि पुढच्या पेपरची वही उघडावी.

जेईई आणि सीईटीत मात्र अधिकृत आन्सर की आणि तुमची उत्तरं दोन्ही बघायला मिळतात, तेव्हा शांतपणे बसून एकेक प्रश्न तपासा. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर आक्षेप घेता येतो. त्यासाठी प्रत्येक प्रश्नामागे शुल्क असतं आणि मुदत थोडेच दिवस असते. पाठ्यपुस्तकातल्या ज्या पानावर आधार आहे त्याचा स्वच्छ फोटो काढून जोडा. आमच्या एका मुलाने रसायनाच्या एका प्रश्नावर असा आक्षेप घेतला होता. चार मित्रांनी मिळून शुल्क भरलं, आणि तो मान्य झाला.